चार सूत

अकरावीत असताना हुबळीहून एक सर आले होते
टिळकवाडीतल्या आमच्या कॉलेजात
वीस प्रश्नांचा कागद घेऊन.
कुलूप लावल्यावर पुन्हा ओढून बघता का?
झोपेत रंग दिसतात का?
मी खरंखरं लिहिलं.
निकाल : डावा मेंदू, हिशेबाचा.
भाऊ सातेरी : उजवा, कलेचा.
त्या दिवसापासून त्याला गणित माफ झालं
आणि मला रांगोळी.

आता मी सोसायटीत व्याज काढते.
तो काही काढत नाही,
केस मात्र वाढवलेत.

आप्पांना तो कागद कुणी दिला नव्हता.
भरमाणी काकतकर, पेंटर.
शहापुरातल्या निम्म्या दुकानांवर त्यांचा हात :
वर कन्नड, खाली मराठी,
मोर्चा होऊन गेला की त्यावर डांबर,
मग परत तीच पाटी, परत तोच दर.
म्हणायचे, "अक्षर आधी डोळ्यानं मोजायचं गे.
पट्टी मागनं लावायची,
डोळा खरं बोलतोय काय बघायला."
त्यांचं मोजणं कुठं संपायचं
आणि रंगवणं कुठं सुरू व्हायचं,
शिडी धरून उभी असायचे तरी
मला कधी दिसलं नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी शिडीवरच
उजवा हात ब्रशासकट लोंबला.
बोलणंही गेलं.
सिव्हिलमध्ये फिल्म उजेडाला धरली,
तर डाव्या बाजूला ढग.
"डावा गेला म्हणजे हिशेब गेला," सातेरी म्हणाला,
"कला शिल्लक हाय."
तो रडत होता म्हणून मी गप्प बसले,
पण वाटलं, ढग माझ्याच खोलीवर आलाय.

डॉक्टरीणबाई अथणीच्या.
"बोलणं बहुतेकांचं डावीकडं असतंय, ते खरं.
पण माणूस कुठं एका बाजूला राहतोय?
मधे वीसेक कोटी धागे आहेत,
रात्रंदिवस ये-जा."
मी विचारलं, "कोगनोळीसारखा नाका?"
"नाही ओ. टोल पण नाही."

नर्स गंगव्वा रोज आप्पांचा चांगला हात उचलायची,
"येड, अज्जा, येड."
सातेरी उसळला, "येडं कुणाला म्हणूलालाईस?"
ती हसतच राहिली :
येड म्हणजे डावा, बल म्हणजे उजवा.
बल म्हणजे जोरसुद्धा.
बिचाऱ्या डाव्याला
दोन्हीकडं तसलंच नाव, मी मनात म्हटलं.

चार आठवडे शब्द नाही.
चुलते मोसंबी सोलत बसायचे,
कुठल्या भाषेत परत येतो बघायला.
"मराठी बोल रे, मराठी,"
जसं काही आप्पा फॉर्म भरताहेत.

खाटेसमोर भिंतीवर पाटी होती :
पुरुषर विभाग, कन्नडात,
निळ्यावर पांढरं, कुणीतरी घाईत ओढलेलं.
आप्पा दिवसभर तिच्याकडं बघत.
वाचता येतंय का, विचारलं तर डोळे मिटत.
एका दुपारी डावा हात वर गेला,
शेवटच्या अक्षराकडं.
ओठ वाकडे झाले, थुंकी आली,
मग :
"चार.
चार सूत."

चुलते ओरडले, "मराठी! मराठी!"
गंगव्वा म्हणाली, "चार तुमचं. सूत आमचंबी ऐत्री."
सातेरी म्हणाला, "बघ, हिशेब परत आला."
मला म्हणायचं होतं, नजर गेलीच नव्हती,
पण म्हणजे मीही हुबळीच्या सरांचाच कागद भरत होते.

पर्समधली टेप काढून स्टुलावर चढले.
शेवटचं अक्षर खरंच खाली बसलं होतं.
वाकून मोजलं.
"आप्पा, साडेतीन."

त्यांनी मान हलवली.
नाही.
डाव्या हाताची चार बोटं.

पुन्हा मोजलं.
टेप वाकली होती.